आधी कौतुक

मिस्त्रींच्या खिशात तडा गेलेला हूक होता आणि ओठांवर तीन इंग्रजी वाक्यं. हूक त्यांनी स्वतः घडवला होता, वाक्यं लेकीने घडवून दिली होती.

पडद्यावर परदेशी कंपनीची माणसं पाच चौकोनांत बसली होती. टेबलाशी कारखान्याचा मॅनेजर आणि त्याच्या शेजारी, खुर्चीच्या कडेला अंग चोरून टेकलेले मिस्त्री. अंथरुणावरून उठता न येणाऱ्या रुग्णाला उचलून खुर्चीत बसवायचं यंत्र ही कंपनी बनवायची. उचललेल्या माणसाचा सगळा भार ज्या हुकावर, तो हूक इथे घडणार होता. चार हजार नग. आजची बैठक शेवटची. यानंतर आराखड्यातली रेघसुद्धा हलणार नव्हती.

आणि आराखडाच चुकला होता. हुकाच्या गळ्याशी कोपरा टोकदार ठेवलेला. मिस्त्रींनी बारा हूक करून वजनं टांगून ठेवली, तर महिनाभरात दोन नेमके तिथेच तडकले. जरा गोलाई दिली की काम भागत होतं. मॅनेजरने दोनदा ईमेल धाडली, अगदी अदबीने, कृपया कोपऱ्याकडे लक्ष द्यावं म्हणून. दोन्ही वेळा उत्तर आलं, नोंद घेतली. नोंदीने लोखंड थोडंच ऐकतं! मग तिकडूनच निरोप आला, की बैठकीत घडवणाऱ्याचं म्हणणं ऐकायचंय, थेट त्याच्या तोंडून.

लेक परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या नोकरीत होती. तिला त्या लोकांची नाडी ठाऊक.

"बाबा, एकदम खोट काढायची नाही. आधी कौतुक, मग खोट, शेवटी पुन्हा कौतुक. त्यांच्यात असंच बोलतात."

"म्हणजे कडू गोळी साखरेत घोळायची."

"हो. आणि सावकाश बोला. प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबा."

आठवडाभर मिस्त्री भट्टीसमोर ओठ हलवत होते. म्हातारा जपाला लागला, असं कामगार आपसात म्हणत.

"मिस्त्री, बोला," मॅनेजर म्हणाला.

मिस्त्री उभे राहिले. पाहुण्यांशी बसून बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. त्यामुळे पडद्यावर त्यांचं मुंडकं उडालं आणि नुसती शर्टाची बटणं उरली. मॅनेजरने घाईने कॅमेरा वर केला.

"युवर डिझाइन," ते म्हणाले, "इज व्हेरी गुड."

आणि लेकीने शिकवलं होतं तसे थांबले.

मधल्या चौकोनातल्या मुख्य बाईंनी छातीवर हात ठेवला. पाचही चौकोनांत टाळ्या सुरू झाल्या. बाई भराभर काहीतरी बोलल्या. त्यातलं 'थँक यू' तेवढं मिस्त्रींना कळलं.

"बट," मिस्त्री म्हणाले. टाळ्यांत ते विरून गेलं. त्यांनी खिशातून हूक काढून उंच धरला. "बट, मॅडम..." तडा केसाएवढा. एवढ्या लांबून हूक चांगला नवाकोरा दिसत होता. एकाने हसून अंगठा वर केला. मग चौकोन एकेक करून विझले.

"साहेब, खोट राहिली!" मिस्त्रींचा आवाज चिरकला. "पुन्हा लावा."

मॅनेजरने कपाळ चोळलं. "आता कोणत्या तोंडाने लावू? बाई काय म्हणाल्या माहितीये? एवढे दिवस कोपऱ्याबद्दल शंका निघत होत्या, पण ज्याच्या हातून घडणार त्यानेच पसंत केलं म्हटल्यावर विषय संपला. तसं लिहूनही घेतलं त्यांनी."

"तुम्ही तरी मध्ये बोलायचं."

"मला वाटलं, तुम्ही बोलताय. मी तोंड उघडेपर्यंत टाळ्या." मॅनेजर मिस्त्रींची नजर टाळत होता. "ईमेल टाकतो परत एक."

"मग?"

"मग काय. नोंद घेतील."

मिस्त्रींनी हातातल्या हुकाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत लोखंडाने त्यांना कधी एवढं हतबल केलं नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेकीचा.

"बोललात ना बाबा?"

"बोललो."

"आठवलं सगळं? काय म्हणाले ते?"

मिस्त्री अंगठ्याच्या नखाने हुकावरचा तडा चाचपत राहिले.

"टाळ्या वाजवल्या गं."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" तिला आनंद आवरेना. "आता संध्याकाळी सगळं सविस्तर सांगा मला."

खाली भट्टीवर घणाचे ठोके सुरू झाले होते. पहिल्या हुकाचा गळा वाकत होता, आराखड्यात होता अगदी तसा.