चोवीस मेची वरात

दिग्रसला वरात मांडवाशी पोचली आणि वधूपिता नानाजींनी डीजेची वायर उपटली. "दोन मिनिटं मौन पाळू. आज एरिट्रियाचा स्वातंत्र्यदिन हाये." निवृत्त हवालदार नानाजी शांतिसेनेसोबत आफ्रिकेतल्या त्या चिमुकल्या देशात राहून आले होते, दर चोवीस मेला अंगणात त्याचा झेंडा लावत. नवरी सुरभी खिडकीतून कळवळली, "बाबा, आज तरी राहू द्या. लग्न मोडन." नवरदेवाने भटजींकडे पाहिलं, भटजींनी घड्याळाकडे. मुहूर्ताला चारच मिनिटं उरली होती. वरपिता तापले. "इवाईबुवा, लग्नात मौन कायले? तुमचं कोण मेलं तिथं?" "पासष्ट हजार," नानाजी म्हणाले. "तीस वर्षं लढले. बायायनंबी बंदुका उचलल्या." वरपित्यांनी फेटा काढला, घाम पुसला. "इतके मेले न् दोनच मिनिटं? पाच घ्या." मुहूर्त टळला, पण भर उन्हात नवरदेवाची घोडी सोडून कोणीच हललं नाही.