एकमेकींची पत्रं

"चार वाजले की तिकडे पत्रं घेणं बंद! आणि तुम्ही दोघी अजून कागद पोटाशी धरून बसल्यात? आणा इकडे!"

हेमप्रभा बाइदेउंनी हात पुढे केला. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळं कॉलेज त्यांना बाइदेउच, म्हणजे आसामीत ताई, म्हणतं, आणि सगळं कॉलेज त्यांना टरकून असतं. समोर बर्णाली आणि रुनजुन, दोघी प्राणिशास्त्राच्या. दोघींचा अर्ज जर्मनीतल्या एकाच प्रयोगशाळेत. जागा एक. राहिली होती ती फक्त बाइदेउंची शिफारसपत्रं.

आता शिफारसपत्र म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच लिहून आणायचं आणि सरांनी खाली सही ठोकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पण स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की आमची पोरं लाजून अर्धी होतात. 'आज्ञाधारक, वक्तशीर' एवढ्यावर गाडी अडते. म्हणून बाइदेउंनी नियम काढला, की हिचं पत्र तिने लिहायचं आणि तिचं हिने. मग त्या दोघींसमोर मोठ्याने वाचणार, आपल्याला ठाऊक नसलेलं वाक्य उडवणार, आणि मगच सही.

त्यांनी आधी रुनजुनचा कागद उचलला. त्यावर बर्णालीबद्दल लिहिलेलं होतं.

"'बिहूच्या सुट्टीत कावै माशांच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं. चाळीस मासे टाकीतून उतरून जमिनीवर चालू लागले. बर्णालीने कपाटांखाली रांगत एकोणचाळीस धरले. चाळिसाव्यासाठी ती संध्याकाळपर्यंत रांगत होती. तो प्राचार्यांच्या बुटात सापडला.'" बाइदेउंना हसू आवरेना. "खरंय हे. बूट अजून वास मारतो म्हणतात! पुढे... 'नोंदवहीत तिने लिहिलं, झाकण उघडं राहिलं होतं. कुणी ठेवलं ते तिला माहीत होतं. लिहिलं नाही. ते मी ठेवलं होतं.'"

चष्मा खाली आला. "तू?"

"हो, बाइदेउ."

"मला ठाऊक नव्हतं. म्हणजे नियमाने हे वाक्य उडवायला पाहिजे." त्यांनी पेन उचललं, मग ठेवून दिलं. "राहू दे. आता ठाऊक झालं."

रुनजुन खुदकन हसली. बर्णाली मात्र टेबलावरच्या आपल्या कागदाकडे बघू लागली. तिने लिहिलेल्या पत्रात काय होतं, ते तिला पाठ होतं. रुनजुन आज्ञाधारक आहे, वक्तशीर आहे, अक्षर सुरेख आहे. चांगला दोन दिवस विचार करून तिने ते लिहिलं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं बेमालूम होतं. जागा एक होती आणि तिला ती हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती.

बाइदेउंनी दुसऱ्या कागदाला हात घातला. बर्णालीने त्यावर पंजाच ठेवला.

"हे नको, बाइदेउ. मला दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटं? वेड लागलंय का पोरी? तीन त्रेचाळीस झालेत!"

"अगं असू दे ना, चांगलंच लिहिलं असशील," रुनजुन म्हणाली.

ते ऐकून तर बर्णालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कागद चुरगळला, बाइदेउंच्या संगणकासमोर बसली आणि लिहीत सुटली. बाइदेउ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

रुनजुन खोलीभर येरझाऱ्या घालत होती. "पन्नास झाले! बर्णाली, आटप गं! बावन्न! देवा रे, नेट गेलं तर?"

"तू गप्प बस, नाहीतर तुला टाकीत सोडते," बाइदेउ म्हणाल्या.

"झालं!" चोपन्नाव्या मिनिटाला बर्णाली उठली. गाल लाल झाले होते, आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं.

बाइदेउंनी भराभर वाचलं. "'कावै ओल्या गवतातून चालत दुसऱ्या तळ्यात जातो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण पुढे तळं आहे हे त्याला कळतं कसं, हे पहिल्यांदा रुनजुनने विचारलं. आमचं दोन वर्षांचं सगळं काम त्या एका प्रश्नावर उभं आहे.'" त्या थांबल्या. "तुझ्या अर्जात काय लिहिलंयस? प्रश्न कुणाचा?"

"आमचा असं लिहिलंय." बर्णालीने मान खाली घातली नाही. "पण तिचाच आहे."

"ए, काहीतरीच काय!" रुनजुन पुढे आली. "ते मी असंच बोलले होते गं!"

"असंच बोलली होतीस ना? मग झालं तर." बाइदेउंनी खाली नाव घातलं आणि पत्र धाडून दिलं. मग रुनजुनने लिहिलेलं बर्णालीचं पत्र समोर घेतलं, फक्त 'मी'च्या जागी रुनजुनचं नाव घालून बाकी जसंच्या तसं उतरवलं, आणि शेवटी आणखी काहीतरी टाइप करू लागल्या. घड्याळात सत्तावन्न झाले होते. रुनजुनने डोळे गच्च मिटून घेतले. बर्णाली मात्र खुर्चीमागून वाचत होती.

'चूक कळल्यापासून ती सुधारेपर्यंत या मुलीला अकरा मिनिटं लागतात. मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं आहे. तीस वर्षांत इतकी घाई झालेला संशोधक मला दुसरा भेटलेला नाही.'