मोठी गाडी

माझं घर विकलं त्याच आठवड्यात माझा मुलगा डॅरिल मला जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, दाखवायला टूवूम्बा शहरात घेऊन गेला. "आई, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, किंबर्लीच्या लाल मातीपर्यंत फिरू," असं तो महिनाभर कानीकपाळी सांगत होता. नाहीतर ते घर मी जिवंतपणी सोडलं नसतं.

कॅराव्हॅन दणकट होती, खाचखळग्यांच्या रस्त्यांसाठीच बांधलेली. पण ती विकणाऱ्या नेव्हने आमच्या गाडीकडे बघून मान हलवली. "हिला हे वजन झेपायचं नाही, बाबा. घाट उतरताना ब्रेक कितीही दाबा, मागून कॅराव्हॅनच तुम्हाला ढकलत नेईल. आधी मोठी गाडी घ्या."

"ऐक जरा, अतिशहाण्या!" मी डॅरिलला म्हटलं. "आईला दरीत लोटतोस की काय? घराचे पैसे आलेत ना, त्यातून घे मोठी गाडी. मी काही मागे बसून देवाचं नाव घेत देश बघणार नाही."

डॅरिलने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो नेव्हला हळूच म्हणाला,


"एकदाच तर ओढायची आहे हो. आमच्या मागच्या अंगणापर्यंत."