कड स्वच्छ नसेल तर

"ते काढायचं नाही. काही झालं तरी नाही," नवरा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे ओढला. प्लॅस्टिकच्या गर्भाशयाचं खालचं तोंड त्यांनी मघाशी वेगळं करून दाखवलं होतं. कॅन्सर तिथे होता. दुर्मीळ जातीचा, पण लहान. तेवढं तोंड कापायचं, वरचं गर्भाशय ठेवायचं, खालून दोऱ्याने आवळून घ्यायचं. पुढे मूल होऊ शकतं.

"पण कापलेल्या तुकड्याची कड आम्ही ऑपरेशन चालू असतानाच तपासतो," त्या पुन्हा म्हणाल्या. "कड स्वच्छ नसेल, तर गर्भाशयही काढावं लागेल. नाहीतर जिवाशी खेळ."

"मग तसंच शिवून बाहेर आणा. पुढचं आम्ही बघू."

आम्ही म्हणे! त्याची बायको खुर्चीच्या टोकावर बसली होती, मुठी आवळून. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. "लोकांची पोरं तरंगवते, घरचं तळं कोरडं!" असं हाच चारचौघांत म्हणायचा, वर हसायचा. आज सकाळपासून त्याने तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

पण तिची खरी आग होत होती ती सासूबाईंवर. आल्यापासून बाई गप्प. ते प्लॅस्टिकचं गर्भाशय उचलून मांडीवर घेतलेलं, तान्ह्या बाळासारखं. ओठ तेवढे हलत होते. नातवासाठी देवाला साकडं घालत असणार, दुसरं काय! सून काय, एक गेली तर दुसरी मिळेल.

"सही कुठे करू?" नवऱ्याने खिशातून पेन काढलं.

"डॉक्टर." सासूबाईंचा आवाज इतका हळू, की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "मघापासून तुम्ही माझ्या मुलाशी बोलताय. पोट हिचं आहे ना? मग हिला विचारा."

सुनेच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. मग ती बोलली. आवाज कापत होता, पण रागाने.

"कड स्वच्छ असेल तर ठेवा. मलाही मूल हवंय. नसेल तर काढा. मला जगायचंय."

"आई, अगं तू तरी समजाव हिला!"

सासूबाई उठल्या. ते प्लॅस्टिकचं गर्भाशय त्यांनी मुलाच्या हातात ठेवलं.

"घे. तुला हवं होतं ते एवढंच ना? ने घरी. माझ्या सुनेला मी घेऊन येते."