शटर खाली

बाबांनी गिऱ्हाइकाच्या मानेवरचा फेस पुसला आणि ते लेकीला म्हणाले, "तू निघ आता. तो येईल इतक्यात."

तो म्हणजे कैदी, रॅप गाणारा. त्याचं खरं नाव कुणी विचारत नसे. चाकूच्या मारामारीत आत जाऊन आलेला, तुरुंगात गाणी रचलेला. उजव्या भुवईतून आरपार गेलेला वार सगळ्या पोस्टरांवर मिरवणारा. तो आला की बाबा शटर खाली ओढायचे.

तिने एप्रन खुंटीला अडकवला. सलूनमध्ये ती सगळं करायची. केस कापायची, रंग लावायची, फरशी पुसायची. वस्तरा मात्र बाबांचा. फुग्याला फेस लावून तो न फोडता भादरायला त्यांनीच शिकवलं होतं. फुगे फुटायचे केव्हाच थांबले, तरी कुणाचा गाल तिच्या हाताखाली आला नाही. विचारलं की म्हणायचे, बघू.

आणि या परक्यासाठी अख्खी संध्याकाळ. शटरमागून बाबांचं हसणं ऐकू यायचं. घरी ते असे कधी हसत नसत. तिचा जळफळाट व्हायचा, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही.

पायरीवर धाकटा भाऊ मित्रांसोबत पहारेकऱ्यासारखा बसला होता. वायरमनचा कोर्स त्याने अर्ध्यात सोडला होता.

"आपल्या घरात कुणी साधा सिग्नल मोडला नाही, ताई," तो म्हणाला. "मी गाऊ कशावर? फेसावर?"

मित्र हसले. तीही हसली. आत जाऊन आल्याशिवाय आवाजाला वजन येत नाही, हे त्या पोरांचं ठरूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले.

सलून बरेच दिवस बंद राहिलं. ती पुन्हा उघडायला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी चादरी बदलताना भावाच्या उशीखाली तिला चाकू सापडला. त्याने काही लपवलं नाही. उद्या संध्याकाळी मित्रांबरोबर एका दुकानात जायचं होतं. मारायचा नाही, नुसता दाखवायचा. पकडलो तर पकडलो, कैदीलाही पकडलं होतं, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. तिने हातापाया पडून पाहिलं. चाकू तिच्या हातातून काढून घेत तो एवढंच म्हणाला,

"बाबा त्याच्याशी तासन्‌तास बोलायचे. माझ्याशी काय बोलायचे? जेवलास का. माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी असावं लागतं, ताई."

आपण एकट्याच जळत नव्हतो, हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कैदी आला. काळा चष्मा, टोपी कपाळावर ओढलेली. पायरीवरचा भाऊ झटकन बाजूला झाला. त्याने शर्ट पँटच्या बाहेर सोडला होता. कैदीने आत येऊन स्वतःच शटर ओढून घेतलं.

काका गेल्याचं अजून खरं वाटत नाही, असं काहीबाही तो बोलला. तिने कोरडेपणाने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि काय करायचं ते विचारलं. काका करायचे तेच, आज कार्यक्रम आहे, तो म्हणाला. वस्तरा मी कुणाला लावलेला नाही, असं तिने सांगून टाकलं.

"माहितीये. काका तुझ्याबद्दलच बोलायचे. फुगा फुटला की तू कशी दचकायचीस ते करून दाखवायचे आणि हसत सुटायचे. म्हणायचे, पोरीचा हात माझ्याहून हलका आहे. मी नसलो तर फक्त तिच्याकडे जा. ती कुणाला काही बोलत नाही."

मग त्याने टोपी आणि चष्मा काढला.

ती आरशात बघत राहिली. बाहेर भाऊ मित्रांना म्हणाला, "चला रे, निघू."

तिने वस्तरा मिटून ठेवला, शटरपाशी गेली आणि ते पार वरपर्यंत ढकललं.

"आत ये," ती भावाला म्हणाली, पायरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तुम्हीही या. जवळून बघा. भुवईत वाराच्या जागी केस उगवलेत. इतके दिवस ते बाबा काढायचे."