जोडीचा नियम

खालच्या डेकवर एकट्याने जायचं नाही, हा नियम संजीवनेच लिहिलेला. तीन भाषांत छापून जिन्याच्या तोंडाशी त्यानेच लावलेला. आणि शुक्रवारी दुपारी त्याच पाटीखालून तो एकटा जिना उतरत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्याचा जोडीदार शफीक जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. पाऊण तास थांबलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण खाली एका लाइफबॉयची, म्हणजे बुडणाऱ्याला फेकायच्या कड्याची, दोरी सुटलेली वरून दिसली होती, आणि संजीवचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं. कतारच्या किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटर आत, भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तो सतरा वर्षं सेफ्टी ऑफिसर होता. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस दोह्यात घरी. इतक्या वर्षांत त्याच्या पाळीत कुणाची करंगळीसुद्धा चेमटली नव्हती, आणि आता त्याची स्वतःची पोरगी निघाली होती मेक्सिकोला.

फुटबॉलचा वर्ल्ड कप सहा महिन्यांवर आला होता. सगळं जग दोह्यात यायला धडपडत होतं, आणि दोह्यातच वाढलेल्या अंतराला बरोबर याच वेळी बाहेर पडायचं होतं. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या किनाऱ्यावर तीन महिने कासवांची अंडी राखायची होती तिला. त्याला संजीवची ना नव्हती. तिथे संस्था होती, सुपरवायझर होता, विमा होता. पण त्याआधी सहा आठवडे तिला एकटीने, बसमधून, मेक्सिको हिंडायचा होता. सकाळी फोनवर त्यावरून पुन्हा जुंपली. एखाद्या मैत्रिणीला सोबत ने, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. एकटीने बघून करायचंय काय, बघितलेलं दाखवायला तरी कुणी नको का, असंही विचारलं. अंतरा ऐकेना. शेवटी, सोबत असेल तरच व्हिसासाठी लागणाऱ्या हमीच्या पत्रावर सही करीन, असं त्याने ठणकावलं, तेव्हा पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

खालचा डेक म्हणजे नुसती लोखंडी जाळी. बुटांखाली चार हातांवर पाणी दिसतं. संजीव दोरीची गाठ मारायला वाकला, आणि पाणी काळवंडलं.

ढग असेल, असं त्याला आधी वाटलं. मग आठवलं, मे महिन्यात इथे ढग कुठला. त्या काळोखावर पांढरे ठिपके होते, रांगोळीला घालतात तसे, सरळ ओळीत. ठिपके पुढे सरकले, सरकतच राहिले, संपेचनात. दोह्यातल्या बसएवढा मासा त्याच्या पायांखालून जात होता. तोंड उघडं होतं, आणि समुद्र त्यात आपणहून शिरत होता.

व्हेल शार्क. दर उन्हाळ्यात ते इथे टुना माशांची अंडी खायला जमतात, हे त्याला ठाऊक होतं. वरच्या डेकवरून ते करड्या डागांसारखे दिसत. तो घड्याळ बघून डायव्हर लोकांना पाण्याबाहेर काढायचा आणि लॉगमध्ये लिहायचा, काम बंद, कारण शार्क. त्याचा त्यांच्याशी संबंध एवढाच.

पहिल्यामागून दुसरा आला. मग तिघं एकदम. त्याने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसवर सोडून दिली, कारण नजर पोचत होती तिथवर पाठीच पाठी होत्या. कुणाला घाई नव्हती, कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. वर कॉम्प्रेसर धडधडत होता, पण तो आवाज संजीवच्या कानांपर्यंत येईनासा झाला. थोडी भीती वाटली, मग तीही वाटेनाशी झाली. आपण सतरा वर्षं यांच्या अंगणात राहिलो आणि एकदा खाली वाकून बघितलं नाही, याची त्याला लाज वाटली. तो जाळीवर मांडी घालून बसला. एक जण अगदी जाळीखाली आला, तेव्हा त्याचा तो बारीक डोळा संजीवने बघितला. प्लॅटफॉर्मवर मोबाइल वापरायला बंदी, त्यामुळे फोटो काढायचा प्रश्नच नव्हता.

वर आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे नियम मोडल्याचं कार्ड भरलं, स्वतःच्या नावाने, आणि शफीकच्या हातात दिलं. शफीकने ते दोनदा वाचलं. मग संजीव राहायच्या खोल्यांकडच्या फोनपाशी गेला.

अंतराने फोन उचलला. त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. ठिपक्यांचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं. मध्येच शब्द सापडेनात, तेव्हा तो नुसता "एवढे, एवढे" म्हणत राहिला, जणू हात तिला दिसत होते. वडिलांना असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"हू वॉज विथ यू, बाबा?" तिने शेवटी विचारलं.

"कुणी नाही."

"बट युवर रूल..."

"मोडला. लेखी दिलंय तसं." तो म्हणाला. "ते व्हिसाचं पत्र ईमेलवर पाठव. आज सही करतो."

तिला खरं वाटेना. तिने मुद्दाम मराठीत विचारलं, "एकटीचं?"

"एकटीचंच," संजीव म्हणाला. "शफीक सोबत असता ना, तर मी त्याच्या लाइफ जॅकेटचे पट्टे तपासत बसलो असतो."