मोठ्या वर्गातली बाकं

"मुलं आली नाहीत, तर विभागाला टाळं," असं कुलगुरूंनी भर बैठकीत सुनावलं होतं. तो विभाग वाचवायला कुलसचिव बाईंनी जिवाचं रान केलं.

किती मुलं मावतील याचा अंदाज घ्यायला त्या सुटीत रोज दुपारी मोठ्या वर्गात जायच्या. दार ढकललं की रिकामी बाकं करकरायची, अख्खा वर्ग उठून उभा राहावा तशी. पहिल्या दिवशी बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. पण त्या मूळच्या मास्तरीण; सवयीने तोंडून निघून गेलं, "बसा." बाकं पुन्हा करकरली आणि गप्प झाली. पुढेपुढे बाई त्यांनाच गाऱ्हाणं घालू लागल्या, "बाबांनो, एवढा वर्ग भरू द्या रे."

आज वर्ग गच्च भरला होता. बाई आत येताच मुलं उठली, "बसा" म्हणताच बसली. भिंतीकडे बघत बाई हळूच पुटपुटल्या, "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्हीही बसा."

बाकं करकरली. सगळी मुलं एकदम थोडीथोडी सरकली.

"का गं, काय झालं?" बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"काही नाही मॅडम," ती शेजारी बघून हसली, "यांना जागा दिली."